दुसऱ्याचे जोडे: सेकंडहँड फॉर्मल बूट कसे पारखायचे

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय ऐकून काही जण नाक मुरडणार, हे मला माहीत आहे. आज आपण सेकंडहँड फॉर्मल बुटांबद्दल बोलणार आहोत. म्हणजे दुसऱ्या कुणीतरी घातलेले, वापरलेले, चामड्याचे बूट. ते कुठे शोधायचे, कसे पारखायचे, कोणते घ्यायचे आणि कोणत्यांना हातसुद्धा लावायचा नाही.

आधीच सांगतो, मी बुटांचा व्यापारी नाही. नागपूरचा पोरगा आहे, बी.टेक. केलं, मिहानमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी करतो आणि ऑफिसात निम्मे दिवस स्पोर्ट्स शूजच घालतो. पण गेल्या काही वर्षांत बूट हातात घेऊन उलटसुलट करून बघायचा नाद लागला. दुकानात आई म्हणते, "अरे, बूट घ्यायचेत का त्याचं ऑपरेशन करायचंय?" हा नाद लागला त्याचं कारण ताईचं लग्न.

लग्नात काय झालं

फेब्रुवारी २०२३. नागपुरातलंच एक मंगल कार्यालय. माझे बाबा तेव्हा सरकारी कार्यालयात लिपिक होते. ऑफिसला ते कायम सँडल घालून जायचे. पण त्यांच्याकडे एक "चांगला जोडा" होता. २०१४ साली घेतलेला, काळा, चकचकीत, त्यांच्या पगाराच्या मानानं महाग. तो खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून, डांबरगोळ्या टाकून कपाटावर ठेवलेला असायचा. नऊ वर्षांत चार वेळा घातला असेल. "खराब होतो ना, जपून ठेवावा," हे त्यांचं म्हणणं.

वरात दारात आली. बाबा कोट घालून, तोच जोडा घालून स्वागताला पुढे गेले. आणि मला लाल गालिच्यावर काळा चुरा दिसला. शिळा केक कुस्करल्यासारखा. प्रत्येक पावलागणिक थोडा थोडा. पहिल्यांदा मला वाटलं कुणाच्या तरी हातातलं काही सांडलं. मग बाबांच्या टाचेकडे पाहिलं तर टाच अर्धी शिल्लक होती.

दहा मिनिटांनी बाबा दिसेनात. इकडे सगळे शोधताहेत, तिकडे माझ्या बहिणी जावयाचे जोडे लपवायच्या तयारीत, हसणं-खिदळणं चाललेलं. बाबा सापडले स्वयंपाकघराच्या मागे, एका प्लास्टिकच्या खुर्चीवर. पायांत मोजे, हातात बुटाचा वरचा भाग, आणि खाली तळाचे तुकडे. मला म्हणाले, "पाहून घे बे, नवाच्या नवा होता."

केटररच्या पोराची रबरी स्लिपर घालून त्यांनी पोरीचं लग्न लावलं. विधींच्या वेळी तसे सगळेच अनवाणी असतात, तो वेळ निभावला. पण रिसेप्शनला त्यांनी फोटोग्राफरला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. अल्बम आला तेव्हा कळलं. बाबांचे सगळे फोटो कमरेच्या वर आहेत.

बूट न घालताच का मेला?

आता इंजिनिअर माणूस, मला हा प्रश्न सोडवेना. चार वेळा घातलेला बूट झिजला कसा? उत्तर असं आहे की तो झिजला नाही, सडला. त्याचा तळ पॉलियुरेथेनचा होता, आपण ज्याला पीयू म्हणतो. हलका, मऊ, स्वस्त, म्हणून फॉर्मल बुटांना आणि स्पोर्ट्स शूजना सर्रास वापरतात. पण त्यातल्या बऱ्याच प्रकारांवर हवेतल्या बाष्पाचा परिणाम होतो. पाण्याचा रेणू त्या प्लास्टिकच्या साखळ्या हळूहळू तोडतो. या क्रियेला हायड्रोलिसिस म्हणतात. बूट घाला किंवा घालू नका, तळ तयार झाला त्या दिवसापासून ही घड्याळाची टिकटिक सुरू होते. बंद खोक्यात, दमट जागी, काही वर्षांत तो आतून भुसभुशीत होतो. बाहेरून दिसतो अगदी ठीक. आणि ज्या दिवशी माणसाचं वजन पडतं, त्या दिवशी चुरा.

म्हणजे गंमत बघा. बाबांनी जपला म्हणून तो वाचला नाही. उलट नऊ वर्षांपूर्वी रोज घातला असता तर निदान पैसे तरी वसूल झाले असते.

म्हणून आजचा पहिला नियम. "न वापरलेला, खोक्यासकट, जस्ट लाइक न्यू" अशी जुन्या फॉर्मल बुटांची जाहिरात दिसली की हुरळून जाऊ नका. तळावर अंगठ्याचं नख जोरात दाबा. खूण राहिली, चिकट लागलं, किंवा काळी भुकटी नखात आली, तर नमस्कार करून निघा. फुकट मिळाला तरी घेऊ नका.

सीताबर्डीचा शिक्षक

लग्नानंतरच्या आठवड्यात तो तुटका जोडा घेऊन मी सीताबर्डीवर एका गटई काकांकडे गेलो. सरकारी भाषेत रस्त्यावर बसून चपला-बूट दुरुस्त करणाऱ्यांना गटई कामगार म्हणतात. सामाजिक न्याय विभागाच्या योजनेतून मिळणारे त्यांचे ते पत्र्याचे छोटे स्टॉल तुम्ही पाहिले असतील, ते गटई स्टॉल. काकांनी जोडा हातात घेतला, एकदा वाकवला आणि बाजूला ठेवला.

"हे निस्तं चिपकवेल हाय बाबू. यात करण्यासारखं काही नाही."

मग त्यांनी मांडीवरचा दुसरा जोडा दाखवला. काळा, साधा, सुरकुत्या पडलेला. "हा पाय. हायकोर्टातल्या वकील साहेबाचा हाय. तिसरा तळ लावून राहिलो याला."

तिसरा तळ! माझ्या बाबांचा जोडा चार वेळा घालून संपला, आणि इथे एक वकील दोन तळ झिजवून तिसऱ्यावर निघाला होता. त्या दिवशी मी तासभर तिथेच बसलो. आज जे सांगतोय त्यातलं निम्मं त्या तासाभरातलं आहे.

तळ वरच्या भागाला जोडण्याचे ढोबळ तीन प्रकार आहेत.

पहिला, चिकटवलेला. वरचं चामडं आणि तळ फक्त डिंकानं, म्हणजे औद्योगिक गोंदानं जोडलेले. बाजारातले बहुतेक बूट असेच असतात. वाईटच असतात असं नाही, पण नागपूरच्या मे महिन्यात स्कूटीच्या डिकीत दोन दिवस ठेवून बघा, गोंद काय म्हणतो ते.

दुसरा, ब्लेक शिलाई. लायमन ब्लेक या अमेरिकन माणसानं १८५८ मध्ये याच्या मशीनचं पेटंट घेतलं. यात एकच शिलाई आतल्या तळव्यापासून थेट बाहेरच्या तळापर्यंत जाते. बूट सडपातळ दिसतो, तळ बदलता येतो, पण त्याला खास मशीन लागतं. शिलाईच्या भोकांतून पावसाचं पाणी आत यायची शक्यताही जास्त.

तिसरा, गुडइयर वेल्ट. नाव टायरसारखं आहे कारण हे मशीन ज्या चार्ल्स गुडइयर ज्युनियरच्या नावाशी जोडलं गेलं, त्याच्या वडिलांनी रबर पक्कं करायची पद्धत शोधली आणि टायर कंपनीला पुढे त्यांचंच नाव दिलं गेलं. यात बुटाच्या कडेनं चामड्याची एक अरुंद पट्टी फिरते. ती पट्टी वरच्या चामड्याला आणि आतल्या तळव्याला शिवलेली असते, आणि बाहेरचा तळ फक्त त्या पट्टीला शिवलेला असतो. म्हणजे तळ झिजला की ती एक शिलाई उसवायची आणि नवा तळ शिवायचा. वरच्या बुटाला धक्काही लागत नाही. सॉफ्टवेअरवाल्यांसाठी सांगतो, हा मॉड्युलर कोड आहे. एक भाग बदलला म्हणून सगळं पुन्हा लिहावं लागत नाही.

वकील साहेबांचा जोडा या तिसऱ्या प्रकारातला. असा नवा घ्यायला गेलात तर आज सहज आठ-दहा हजारांच्या घरात जातो, आणि वर कितीही. पहिल्या नोकरीच्या पगारात ते जमत नाही. म्हणून सेकंडहँड. सेकंडहँडमध्ये तुम्ही खरं तर चांगलं चामडं आणि चांगली बांधणी घेत असता. तळ काय, नवा लावता येतो.

हातात घेतल्यावर काय बघायचं

आता नीट ऐका, हवं तर लिहून घ्या.

एक. शिलाई खरी आहे का? खूप बुटांच्या कडेला शिलाई दिसते, पण ती रबरात नुसती छापलेली असते. दोरा नखानं खरवडून बघा, प्रत्येक टाका वेगळा लागतो का. मग बूट उलटा करा. तळातसुद्धा दोरा किंवा दोऱ्याची खाच दिसली तर आशा आहे. आत हात घाला आणि आतलं अस्तर थोडं उचलून पाहा. तळव्यावर टाक्यांची रांग लागली तर ब्लेक. आत टाके नाहीत पण बाहेर पट्टीवर खरे टाके आहेत, तर बहुधा वेल्ट.

दोन. चामडं. बोटं वाकतात तिथे, म्हणजे पंजाच्या रेघेवर, बूट वाकवा. अस्सल चांगल्या चामड्यावर बारीक, मऊ सुरकुत्या पडतात आणि बूट सरळ केला की निम्म्या नाहीशा होतात. सुरकुत्या चालतात. भेग चालत नाही. सुरकुतीच्या तळाशी नख घालून बघा, चामडं तुटलेलं असेल तर त्याला औषध नाही. आणि वरचा थर पापडासारखा सुटत असेल तर ते चामडं नाहीच, कापडावर चढवलेलं प्लास्टिक आहे. "जेन्युइन लेदर" या शिक्क्यावर जाऊ नका. त्याचा अर्थ एवढाच की कुठेतरी चामडं आहे.

परदेशात विकण्यासाठी बनवलेल्या बुटांत एक सोपी खूण असते. आत किंवा तळावर छोटी चित्रं असतात. ताणून वाळत घातलेल्या कातड्याचा आकार म्हणजे चामडं, जाळी म्हणजे कापड, आणि नुसता चौकटच्या पत्त्यासारखा आकार म्हणजे इतर काहीतरी, बहुतेक वेळा प्लास्टिक किंवा रबर. वरचा भाग, अस्तर आणि तळ, तिन्हींसाठी वेगवेगळी खूण असते. युरोपात ही लेबलं सक्तीची आहेत. आणि परदेशी नाव बघून भुलू नका. आग्रा, कानपूर, तमिळनाडूतलं आंबूर आणि राणीपेट इथून भरपूर बूट बाहेर जातात. विलायती म्हणून घ्याल आणि तो आंबूरचा निघेल. त्यात वाईट काहीच नाही, फक्त नावापेक्षा टाके बघा.

तीन. आधीच्या माणसाचा पाय. जोडी सपाट टेबलावर ठेवून मागून बघा. टाच बाहेरच्या मागच्या कोपऱ्यात थोडी झिजलेली असणं अगदी सामान्य, आपण बहुतेक जण तसेच चालतो. पण अख्खा बूट एका बाजूला कलला असेल तर त्या माणसाची चाल त्यात मुरली आहे. ती तुमच्या गुडघ्याला भोवेल. आत बोटांचा खोल खड्डा पडला असेल तरी सोडून द्या. थोडासा ठसा चालतो, तो तुमच्या पायानं बदलतो. टाचेच्या आतलं अस्तर फाटलेलं असेल तर काकांकडून चामड्याचा तुकडा लावून घेता येतो, तेवढे पैसे भावातून कमी करा.

चार. वास. नाक आत घाला. हो, खरंच घाला. चामड्याचा, पॉलिशचा वास असेल तर ठीक. कुबट वास असेल, आत हिरवट-पांढरे ठिपके असतील, तर ती बुरशी आहे. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातल्या पट्ट्यांवरसुद्धा बुरशी येते, त्यामुळे बाहेरचा हलका थर पुसता येतो. पण तळव्यात मुरलेला वास जात नाही.

पाच. नंबर. इथे मी स्वतः तोंडावर पडलोय, म्हणून थोडा वेळ घेतो.

आठ नंबर म्हणजे किती?

माझ्या मावसभावाला पहिल्या मुलाखतीचं बोलावणं आलं. तो आठ नंबर घालतो. मी मोठ्या हौशेनं एका ॲपवर फोटो बघून त्याच्यासाठी सुंदर तपकिरी जोडी मागवली, आत ठळक "८" छापलेलं. मुलाखतीच्या सकाळी त्यानं घातली आणि बिचारा काही बोलला नाही, कारण दादानं दिलेली. संध्याकाळी घरी आला तेव्हा दोन्ही टाचा सोललेल्या. मोज्याला रक्त. म्हणाला, "दादा, तिसऱ्या राउंडला ते प्रश्न विचारत होते अन् मी टेबलाखाली टाच बाहेर काढायचं पाहून राहिलो होतो."

चूक पूर्ण माझी. तो "८" अमेरिकन होता. भारतातले बूट साधारणपणे ब्रिटिश मापात असतात. पुरुषांच्या बुटांत अमेरिकन नंबर ब्रिटिशपेक्षा साधारण एकानं जास्त लिहितात, म्हणजे अमेरिकन आठ हा आपला जवळपास सात. ब्रिटिश मापात एका नंबरचा फरक एक तृतीयांश इंच असतो, साधारण साडेआठ मिलिमीटर. युरोपियन ४२ हा आपल्या आठच्या आसपास, आणि तिथे एक पायरी सुमारे पावणेसात मिलिमीटरची. त्यामुळे हे नंबर एकमेकांवर तंतोतंत बसतच नाहीत.

लांबी एवढंच माप नाही. रुंदीसुद्धा आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात एक लाखाहून जास्त लोकांची पावलं थ्रीडी मशीननं मोजली. निष्कर्ष असा निघाला की भारतीय पाऊल युरोपियन-अमेरिकन पावलापेक्षा रुंद आहे. त्यावरून "भा" नावाची भारतीय मापपद्धत सुचवली गेली. पण जुन्या बाजारात मिळणारे बूट अजून ब्रिटिश, युरोपियन नाहीतर अमेरिकन मापातलेच. म्हणून परदेशी बुटात रुंदीचं अक्षर शोधा. ब्रिटिश बुटांत "एफ" ही नेहमीची रुंदी आणि "जी" त्याहून रुंद. आपल्यातल्या अनेकांना "जी" सोयीचं पडतं.

आणि सगळ्यात खात्रीचा उपाय: संध्याकाळी, दिवसभर चालून पाय थोडे सुजलेले असताना, ऑफिसचे मोजे घालून, दोन्ही बूट घालून चाला. एक नाही, दोन्ही. आपले दोन पाय सारखे नसतात. बुटाची सगळ्यात रुंद जागा आणि पंजाची सगळ्यात रुंद जागा एकमेकांवर आली पाहिजे. "वापरून सैल होईल" हे दुकानदाराचं वाक्य आहे. रुंदीला थोडं खरं, लांबीला अजिबात नाही.

मावसभावाला ती नोकरी मिळाली नाही. बुटांमुळे नसेल. पण तेव्हापासून मी दुसऱ्यासाठी फोटो बघून बूट घेत नाही.

शोधायचे कुठे?

मुंबईत कामाठीपुऱ्यातल्या दीड गल्लीत शुक्रवारी पहाटे बुटांचा बाजार भरतो, पुण्यात जुना बाजार आहे. आपल्या नागपुरात मला सगळ्यात चांगल्या जोड्या मिळाल्या त्या थेट घरांतून. विचार करा ना, या शहरात चांगले फॉर्मल बूट घालतं कोण? हायकोर्टाच्या खंडपीठातले वकील, डॉक्टर, कामठीचे आणि वायुसेनेचे अधिकारी, बदलीवर येणारे-जाणारे केंद्राचे साहेब लोक. बदलीच्या मोसमात, म्हणजे एप्रिल ते जून, ही मंडळी घरं रिकामी करतात. सोफा, कूलर, सायकल विकायला काढतात. सायकल बघायला गेलात की हळूच विचारा, "बूट आहेत का काही?" ॲपवर शोधतानासुद्धा नुसतं ब्रँडचं नाव टाकू नका. ज्याला आपल्याकडे काय आहे हे माहीत असतं तो भाव वाढवून ठेवतो. "काळे बूट", "लेदर शूज" असं साधं टाका.

एक सावधगिरी. देवळातून चप्पल चोरीला गेली की आपल्याकडे "चला, साडेसाती गेली" म्हणून हसतात. पण ती चप्पल जाते कुठे? फुटपाथवर एका चादरीवर पंधरा वेगवेगळ्या मापांच्या चकचकीत जोड्या, विकणाऱ्याला कशाबद्दलच काही सांगता येत नाही, भाव दोनशे रुपये. मी तिथून घेत नाही. कुणाचा तरी बाप कुठल्यातरी मंगल कार्यालयाबाहेर अनवाणी उभा असेल, हे मला दिसतं.

आणल्यावर काय करायचं? लेस काढून धुवा, आतला सुटा तळवा फेकून नवा घाला. पाण्यात थोडं व्हिनेगर मिसळून कापडानं आतून पुसा आणि सावलीत, पंख्याखाली दोन दिवस वाळू द्या. नागपूरच्या उन्हात ठेवाल तर चामड्याचा पापड होईल. खोबरेल तेल चोपडू नका, डाग पडतात. चामड्याचं क्रीम लावा, आत वर्तमानपत्राचे बोळे घाला. चामड्याचा तळ असेल तर पावसाळ्याआधी काकांकडून पुढच्या भागाला पातळ रबर लावून घ्या. आणि काका जे मागतील ते द्या. सात-आठ हजारांची वस्तू वाचवणाऱ्याशी वीस रुपयांसाठी घासाघीस शोभत नाही.

बाबांचा जोडा

आता उरलेली गोष्ट.

एप्रिल २०२४ मध्ये बदली होऊन निघालेल्या एका अधिकाऱ्यांच्या घरी मला काळी ऑक्सफर्ड जोडी मिळाली. वेल्टेड, चामड्याचा तळ, बाबांचाच नंबर, आत लाकडाचे साचे. ते अठराशे म्हणाले, पंधराशेला दिली. काकांनी नवा अर्धा तळ आणि टाचा लावल्या, साडेसहाशे घेतले. एकूण एकवीसशे पन्नास.

बाबांची निवृत्ती ३१ मे २०२४ ला होती. आईला मी खरं सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "दुसऱ्याचे जोडे? त्याची साडेसाती आपल्या मागं लावतो का?" म्हणून बाबांशी मी खोटं बोललो. "एक्स्पोर्ट सरप्लसचे आहेत, स्वस्तात मिळाले." त्यांनी घालून बघितले, चार पावलं चालले, काही बोलले नाहीत.

तो आठवडा नागपूरकरांना आठवत असेल. शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंश दिसले होते आणि नंतर हवामान खात्यानं सेन्सरचा दोष असल्याचं सांगितलं. एवढ्या उन्हात बाबा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि ते बूट घालून निरोप समारंभाला गेले. शाल, श्रीफळ, भाषणं. फोटो काढताना बाबा फोटोग्राफरला म्हणाले, "पूर्ण घे रे, पायापासून."

घरी आल्यावर ते पलंगावर बसले, बूट काढले, त्यात नीट लाकडी साचे घातले. मग मला म्हणाले, "कुणाचे होते हे?"

मी गप्प.

"अबे, वरचं चामडं जुनं, तळ नवा, अन् आत अंगठ्याचा ठसा माझा नाही. तेहतीस वर्षं फायली तपासल्या मी."

मी सांगितलं सगळं. माफीही मागितली. आई दारात उभी होती. बाबा तिच्याकडे बघून म्हणाले, "१९९१ साली नोकरीवर हजर झालो तेव्हा मोठ्या दादाचे जोडे घालून गेलो होतो. पुढं कापूस कोंबला होता. तेव्हा तर कोणी साडेसाती म्हटलं नाही." मग माझ्याकडे वळून, "खोटं कशाला बोलला पण? मला विचारलं असतं तर मी सोबत आलो असतो पाहायला."

यावर मी खूप विचार केला. भावाचा शर्ट, काकाचा कोट, ताईची पुस्तकं. आपल्या घरांत सेकंडहँड नेहमीच होतं, फक्त त्याला सेकंडहँड म्हणत नव्हतो. बाहेरच्याचं म्हटलं की अंगावर काटा येतो, आणि बुटांच्या बाबतीत जास्तच. "पायातली वहाण पायातच बरी" अशी म्हण आपण सहज तोंडातून काढतो. चामड्याला हात लावणाऱ्या माणसांना या समाजानं पिढ्यान्‌पिढ्या काय वागणूक दिली, त्याचाच तो उरलेला वास आहे. या शहरात चौकाचौकांत बाबासाहेबांचे पुतळे आहेत. सूट, टाय, पायांत बूट. नीटनेटकं राहणं हा काही लोकांसाठी शौक असतो आणि काही लोकांसाठी मान ताठ ठेवायची लढाई, हे नागपूरच्या पोराला वेगळं सांगायला नको. म्हणून मुलाखतीला चांगले बूट हवेत असं कुणी म्हटलं तर मी हसत नाही. ते कमी पैशांत कसे मिळतील एवढं सांगतो.

तर आज एक काम करा. घरी कपाटावर, पलंगाखाली असं एखादं खोकं असेलच, बाबांचं, काकांचं, आजोबांचं. उघडा. तळावर नख दाबून बघा. भुसभुशीत असेल तर लग्नाच्या आधी कळलेलं बरं. आणि पक्का असेल तर त्यांना सांगा, आजपासून घाला, रोज घाला. झिजला तर सीताबर्डीवर काका आहेत.

बाबा हल्ली रोज सकाळी फिरायला जातात. त्या ऑक्सफर्डमध्ये. मी म्हटलं, बाबा, वॉकला स्पोर्ट्स शूज घालतात. म्हणाले, "ठेवून काय करू?"